आपल्या घरात आधी कोण राहत होतं? जुन्या कागदांतून शोध घेण्याची रीत

आमचं घर पुण्यात शनिवार पेठेत आहे. जुन्या वाड्याचा मागचा तुकडा, खाली दोन खोल्या, वर दोन, पुढे जरासं अंगण. १९९४ साली ते आम्ही विकत घेतलं. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याआधी कौलं उतरवली, तेव्हा वरच्या माळ्यावर लाकडांच्या ढिगामागे एक तांब्याचं घंगाळ निघालं. काठावर टोचून घातलेलं एका बाईचं नाव, पहिलं अक्षर सोडून बाकी झिजलेलं आडनाव, आणि खाली तारीख: १४-५-३८. लग्नात आलेलं भांडं असणार. ज्यांच्याकडून आम्ही घर घेतलं त्यांच्या घराण्यात त्या नावाचं कुणी नव्हतं. त्यांनाच विचारलं, तर तेही चक्रावले.

ते घंगाळ कुणाचं, हे शोधायला मला दीड वर्ष लागलं. त्यातले आठ महिने वाया गेले, कारण मी मालकांची वंशावळ काढत बसले होते. शोधायचं होतं ते राहणाऱ्यांना. आपल्याकडचे बहुतेक सरकारी कागद जागेचा मालक कोण हे सांगतात. त्या जागेत चूल कुणाची पेटत होती, हे त्यांना विचारावं लागतं, आणि तेही नेमक्या कागदाला. शहरातल्या जुन्या वाड्यांत आणि चाळींत मालकाचं एक घर आणि भाडेकरूंची पाच-दहा बिऱ्हाडं असायची. मालकाच्याच मागे लागलात तर ही सगळी माणसं निसटतात. तुमचे आठ महिने वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

निघण्याआधी जवळ काय हवं

- मिळकत कराचं ताजं बिल आणि विजेचं बिल
- तुमचं खरेदीखत किंवा भाडेकरार, आणि असल्यास आधीच्या खरेदीखताची प्रत
- ओळखपत्राच्या चार-पाच झेरॉक्स
- १० रुपयांचे काही कोर्ट फी स्टॅम्प
- भिंग, पेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याची वही (जुन्या रजिस्टरजवळ शाईचं पेन नेऊ नका)
- घर भाड्याचं असेल, तर मालकांना आधी कल्पना द्या. नंतर दुसऱ्याकडून कळलं की मनं बिघडतात.

१. घराचे सगळे नंबर एका पानावर लिहा

हे काम कंटाळवाणं वाटेल, पण पुढचं सगळं यावर उभं आहे. एकाच घराला तीन-चार नंबर असतात आणि प्रत्येक कार्यालय आपल्यापुरता एकच नंबर ओळखतं. नगर भूमापन म्हणजे सिटी सर्व्हे कार्यालयाला सिटीएस नंबर लागतो. महापालिकेच्या कर विभागाला मिळकत क्रमांक आणि पेठ लागते. पत्र्याच्या पाटीवर असतो तो घर नंबर वेगळा, आणि तो मधल्या काळात बदललेला असू शकतो. जुन्या दस्तांत 'जुना घर नंबर अमुक, नवा घर नंबर तमुक' असं लिहिलेलं असतं, ते जपून उतरवून घ्या. मी जुना घर नंबर सिटीएस नंबर समजून अर्ज केला आणि भलत्याच बोळातल्या घराचा उतारा हातात आला. त्यातल्या नावांची मी महिनाभर टिपणं काढत होते.

मुंबई शहरात, म्हणजे जुन्या बेटाच्या हद्दीत, सी. एस. नंबर चालतो आणि उपनगरांत सिटीएस. नगररचना योजनेतल्या जागांना 'अंतिम भूखंड क्रमांक' असतो. गोव्यात शहरी जागेसाठी 'फॉर्म डी' आणि ग्रामीण जागेसाठी 'फॉर्म एक आणि चौदा' मागायचा असतो.

पुणेकरांनी पेठांची जुनी नावंही लिहून ठेवावीत. गुरुवार पेठ म्हणजे पूर्वीची वेताळ पेठ, रविवार म्हणजे मलकापूर, शुक्रवार म्हणजे विसापूर, आणि आमची शनिवार म्हणजे मुर्तुजाबाद. फार जुन्या कागदात ही नावं समोर आली की बिचकायला होतं.

२. मिळकत पत्रिका काढा आणि सावकाश वाचा

शहरातल्या जागेला सातबारा नसतो. तिथे असते मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. पाहण्यापुरती प्रत महाभूलेखच्या संकेतस्थळावर मिळते आणि डिजिटल सहीची प्रत शुल्क भरून काढता येते. मात्र ऑनलाइन प्रतीवर थांबू नका. सिटी सर्व्हे कार्यालयात अर्ज करून जुन्या हस्तलिखित पत्रिकेची नक्कल मागा. अर्ज परिरक्षण भूमापकांकडे जातो. तिथे शांतपणे सांगा की चालू उतारा नको, सुरुवातीपासूनची पत्रिका हवी.

'हक्काचा मूळ धारक' या रकान्यात पहिला नोंदलेला मालक असतो. त्याखाली दिनांक, व्यवहार, खंड क्रमांक, नवीन धारक किंवा भार आणि साक्षांकन असे रकाने असतात. कंसात टाकलेलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव. 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हे अक्षर दिसलं की समजायचं, एका नावामागे भावांचं अख्खं कुटुंब आहे. 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता, तो बहुधा आई किंवा काका असतो. 'इ' पुढे गहाण, बोजा अशा नोंदी येतात. त्या वगळू नका. कुणी, कधी, कुणाकडून कर्ज घेतलं यावरून घरातल्या अडचणीचा काळ कळतो.

आणखी एक कागद आहे, तो फारसा कुणी मागत नाही: चौकशी नोंदवही. शहराची पहिली मोजणी झाली तेव्हा चौकशी अधिकाऱ्याने प्रत्येक घराचा हक्क तपासला, पुरावे पाहिले आणि निर्णय लिहिला. घर कुणाकडून कसं आलं, वाटणी झाली होती का, हे तिथे एक-दोन ओळींत सापडतं. मिळाली तर तिची नक्कल घ्याच.

आमच्या पत्रिकेवर चार पिढ्यांची नावं निघाली. घंगाळावरचं नाव त्यांत नव्हतं. मी मात्र त्या चार पिढ्यांच्या लेकी-सुना धुंडाळत राहिले. तुम्ही पत्रिका हाती आली की तिची नीट वही करा आणि पुढच्या पायरीवर जा.

३. रजिस्ट्रार कार्यालयातले दस्त, आणि त्यांतल्या चतुःसीमा

नोंदणी कायदा १९०८ चा. त्यानुसार स्थावर मिळकतीचे दस्त 'पुस्तक एक' मध्ये जातात. त्यांची सूची एक माणसांच्या नावावरून आणि सूची दोन मिळकतीवरून केलेली असते. या पुस्तकाची आणि सूचीची पाहणी फी भरून कुणालाही करता येते, त्यासाठी मालकाची परवानगी लागत नाही. मृत्युपत्रांचं पुस्तक तीन मात्र असं सर्वांना खुलं नसतं.

अलीकडचे व्यवहार नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर विनाशुल्क दिसतात. पुण्याकडे साधारण २००२ नंतरचे, मुंबईत त्याहून मागचे. त्याआधीचं पाहायचं तर दुय्यम निबंधक म्हणजे सब-रजिस्ट्रार कार्यालयात शोधाचा अर्ज करायचा आणि हाताने लिहिलेल्या सूची चाळायच्या. पुणे शहराच्या पेठांसाठी तालुका 'हवेली' निवडायचा असतो. नवखा माणूस 'पुणे शहर' शोधत बसतो आणि काही सापडत नाही म्हणून परत फिरतो.

दोन सापळे सांगते. एक, सूचीत तारीख दस्त केल्याची आहे की नोंदवल्याची, हे पाहा. दोन्हींत काही महिन्यांचं अंतर असू शकतं, तेव्हा लगतचं वर्षही तपासा. दुसरं, पानं फाटलेली, वाळवीने खाल्लेली असतात. मिळकतीच्या सूचीत सापडलं नाही तर नावाच्या सूचीत बघा, आणि घेणारा-देणारा दोघांच्याही नावाने बघा.

आता या पायरीतलं खरं धन. जुन्या खरेदीखतात, गहाणखतात शेवटी मिळकतीचं वर्णन असतं: पूर्वेस अमक्याचं घर, दक्षिणेस तमक्याचा बोळ, पश्चिमेस सरकारी रस्ता, उत्तरेस फलाण्यांचा परसू. या चतुःसीमेत शेजाऱ्यांची नावं फुकट मिळतात. शेजारच्या घराचा दस्त काढलात तर त्याच्या चतुःसीमेत तुमचं घर ज्या नावाने ओळखलं जाई ते सापडतं, आणि ते पत्रिकेवरच्या नावाहून वेगळं असू शकतं. शिवाय घर भाडेकरूंसकट विकलं असेल तर दस्तात बहुधा लिहिलेलं असतं की तळमजल्यावरील दोन खोल्या अमुक भाडेकरूच्या ताब्यात आहेत, दरमहा भाडं इतकं. मला पहिला धागा इथेच दिसला. १९५० च्या दशकातल्या एका गहाणखतात चार भाडेकरूंची आडनावं होती, आणि त्यांतलं एक घंगाळावरच्या अक्षराने सुरू होत होतं.

भाडेकरूंचे स्वतःचे दस्त शोधू नका, निदान जुन्या काळाचे तरी. वर्षभराहून कमी मुदतीच्या भाड्याला नोंदणीची सक्ती नव्हती आणि बिऱ्हाडं बहुधा महिन्याच्या बोलीवर राहत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू झाल्यावर, म्हणजे ३१ मार्च २००० पासून, भाड्याचे करार लेखी करून नोंदवणं बंधनकारक झालं. त्या तारखेनंतरचे भाडेकरू नोंदणीत सापडतात.

४. मिळकत कराची आकारणी: राहणाऱ्यांची नावं इथे असतात

माझ्या मते हा सगळ्यांत मोलाचा कागद आहे, आणि सगळ्यांत दुर्लक्षित. पूर्वी घरपट्टी ठरायची ती घराला वर्षाला किती भाडं येऊ शकेल त्यावर. म्हणून पालिकेचा निरीक्षक घरोघर जाऊन खोली कोणती, राहतो कोण, भाडं किती, हे लिहून घ्यायचा. आकारणीच्या वहीत मालकाच्या रकान्याशेजारी भोगवटादाराचा, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचा, रकाना असतो. मुंबईत याच प्रकारच्या नकलेला 'इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट' म्हणतात. जुनी भाडेकरी सिद्ध करायला लोक तो काढतात, त्यामुळे तिथल्या कार्यालयांत हा शब्द उच्चारला की लगेच समजतं. पुण्यात 'जुना असेसमेंट उतारा' म्हणा.

कर आकारणी विभागात साधा अर्ज द्या: पेठ, जुना आणि नवा घर नंबर, मिळकत क्रमांक, आणि कोणत्या वर्षांचा उतारा हवा ते. वर्षं मोघम लिहू नका. 'जुने सर्व' असं लिहिलं की अर्ज बाजूला पडतो. दर पाच-सात वर्षांनी एक, अशी चार वर्षं निवडून मागा. मधल्या वर्षांत कोण आलं-गेलं ते आपोआप दिसतं.

खिडकीवर मला पहिला प्रश्न आला, "ताई, कोर्टाचं काम आहे का?" हा प्रश्न तुम्हालाही येणार, प्रत्येक ठिकाणी. जुने कागद लोक भांडणासाठीच काढतात, असा तिथला अनुभव असतो. मी घंगाळाचा फोटो दाखवला आणि खरं काय ते सांगितलं. वय झालेले एक कारकून काका स्वतः उठून मागच्या खोलीत गेले. खरं कारण सांगा, त्याने कामं होतात.

अर्जाने काम झालं नाही तर माहितीचा अधिकार आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्यायचा. महाराष्ट्रातल्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवायचा. उत्तराची मुदत ३० दिवस. नकलांना पानामागे २ रुपये. 'ही त्रयस्थाची खाजगी माहिती आहे' असं उत्तर आलं, तर अपिलात कायद्याच्या कलम ८ (३) चा आधार घ्या. २० वर्षांहून जुन्या घटनांच्या माहितीला, काही मोजके अपवाद सोडता, ही सबब लावता येत नाही. अर्जात 'माहिती द्या' असं लिहिण्याऐवजी 'अभिलेखाची पाहणी करू द्या' असं लिहिलं तर उत्तम. स्वतः वही चाळताना शेजारच्या ओळीतही काहीतरी सापडतं.

आमच्या उताऱ्यात चारही बिऱ्हाडं निघाली. तळमजल्याच्या दोन खोल्या, महिना ९ रुपये भाडं, आणि समोर त्या आडनावाच्या गृहस्थांचं पूर्ण नाव. पुढच्या उताऱ्यात, १९६३ सालच्या, ते नाव नव्हतं.

शनिवार-नारायण पेठेतल्या माणसाला हे वर्ष पाहिलं की वेगळं काही सांगावं लागत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. वाडे बसले, माणसं विखुरली. पुण्यात नदीकाठच्या घराचा शोध घेत असाल तर १९६१ च्या आधीचा आणि नंतरचा उतारा हटकून मागा. बऱ्याच घरांची वस्ती त्या एका रेषेवर बदललेली दिसेल. काही कागदही त्या पुरात भिजले, हेही मनाशी धरून जा.

५. मतदार याद्या

मतदार यादीत घरनिहाय नावं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि वय असतं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर २००२ च्या जुन्या याद्या पाहता येतात. त्या स्कॅन केलेल्या आहेत, त्यामुळे नाव टाइप करून शोध लागत नाही. पान पान वाचावं लागतं. विभागाची हद्द कळायला आधी मतदान केंद्रांची यादी बघा, म्हणजे शंभर याद्यांऐवजी तीन-चारच वाचाव्या लागतील.

वयाचा हिशेब करताना सांभाळा. यादीतलं वय बहुधा अंदाजाने सांगितलेलं असतं. शिवाय १९८९ पर्यंत मताचा अधिकार २१ व्या वर्षी मिळायचा, नंतर १८ व्या. जुन्या यादीत कॉलेजातली मुलं दिसली नाहीत म्हणून ती घरात नव्हतीच असं धरू नका.

यादीचा सगळ्यांत मोठा उपयोग हा की मुलाच्या नावापुढे बापाचं नाव असतं. हरवलेलं कुटुंब पुढे कुठे गेलं ते या जोडीवरून ओळखता येतं. आमच्या बोळातल्या एका ऐंशीच्या पुढच्या आजींनी सांगितलं होतं की पुरानंतर ते लोक गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या घरांत गेले. मी गोखलेनगरच्या याद्या घेऊन बसले. अकराव्या संध्याकाळी तेच आडनाव आणि बापाच्या जागी तेच नाव दिसलं.

६. फ्लॅटमध्ये राहत असाल तर

इमारत वाड्याच्या जागी उभी असेल तर वरच्या सगळ्या पायऱ्या तुम्हालाही लागू आहेत, कारण जागेची पत्रिका तीच असते. त्याखेरीज महापालिकेच्या बांधकाम विभागातली परवानगीची फाइल मागा. जुना वाडा पाडून बांधताना भाडेकरूंचं पुनर्वसन झालं असेल तर त्या फाइलमध्ये भाडेकरूंची यादी आणि जुन्या वाड्याचा खोल्यांसकट नकाशा असण्याची बरीच शक्यता असते.

इमारत उभी राहिल्यानंतरच्या रहिवाशांसाठी सोसायटीची सभासद नोंदवही पाहा. तिला 'आय नमुना' म्हणतात. सभासद कधी झाला, कधी गेला, भाग कुणाला हस्तांतरित झाले, हे तीत असतं. तुम्ही सभासद असाल तर ती पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. सेक्रेटरींना रविवारी सकाळी चहाला बोलवा, लेखी अर्जाची वेळ सहसा येत नाही.

७. गावचं घर

इथे एक गोंधळ हमखास होतो. 'आठ' आणि 'आठ-अ' हे दोन वेगळे कागद आहेत. आठ-अ तलाठ्याकडे मिळतो, तो शेतजमिनीच्या खात्याचा. घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठ लागतो, म्हणजे घरांच्या कर आकारणीची वही. ग्रामसेवकांकडे जुन्या वर्षांच्या वह्या मागा. त्यांतही मालक आणि भोगवटादार असे दोन रकाने असतात. गावठाणातल्या बऱ्याच घरांची मोजणी अलीकडे, २०२० नंतर स्वामित्व योजनेत झाली. त्यामुळे त्यांची मिळकत पत्रिका नवी कोरी असते आणि जुनं काही सांगत नाही.

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ असतो, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत, बऱ्याच मोडीत. २०२३ नंतर कुणबी नोंदींच्या शोधासाठी हे कागद ठिकठिकाणी तपासले आणि स्कॅन केले गेले, आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर सापडलेल्या नोंदी ठेवल्या आहेत. तुमचा शोध जातीच्या दाखल्यासाठी नसला तरी ती पानं जरूर बघा.

८. मोडी, शके आणि फसली

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले हाती लिहिलेले दस्त मोडीत निघाले तर घाबरून जाऊ नका. अनुभवी वाचकाला पानामागे पैसे देऊन देवनागरी लिप्यंतर करून घेता येतं. मात्र मूळ कागद कुणाकडे सोडून येऊ नका, स्वच्छ फोटो द्या. आणि लिप्यंतर मागा, सारांश नको. सारांशात नेमकी चतुःसीमा आणि साक्षीदार गळतात. शिकायची हौस असेल तर पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो.

सनांचा ढोबळ हिशेब असा: शके असेल तर ७८ मिळवा, फसली म्हणजे जुना महसुली सन असेल तर ५९०. शके १८३२ आणि फसली १३२० दोन्ही १९१० च्या आसपास येतात. शकाचं वर्ष पाडव्याला आणि फसलीचं मृगाच्या सुमारास बदलतं, म्हणून एखाद्या वर्षाचा फरक राहू शकतो.

घर पेशवाईतलं आहे अशी घरात आख्यायिका असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ ही दोन ठिकाणं आहेत. पण तिथे थेट जाऊ नका. रुमालांत बांधलेल्या हजारो कागदांमधून नुसत्या 'आमचं घर' या खुणेवर काही सापडत नाही. आधी वरच्या पायऱ्यांतून एखादं नाव आणि काळ हाती घ्या. १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटिअर मात्र सुरुवातीलाच चाळा. पेठांची वर्णनं त्यात आहेत.

९. इथे वेळ घालवू नका

जनगणनेचे घरनिहाय कागद. इंग्लंड-अमेरिकेत राहणारे आपले लोक तिथल्या जुन्या जनगणनेत घराचा पत्ता टाकून रहिवासी शोधतात आणि इथेही तेच विचारतात. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार व्यक्तीच्या नोंदी पाहायला मिळत नाहीत. कितीही जुन्या असल्या तरी अर्ज करू नका.

जन्म-मृत्यूच्या नोंदी उपयोगी आहेत, पण त्या तारखेने लावलेल्या असतात. नाव आणि साल ठाऊक असल्याशिवाय नुसत्या पत्त्यावरून तिथे काही मिळत नाही. मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचं कारण दिलं जात नाही, तेव्हा त्यासाठी हट्ट धरू नका.

१०. बोळातली माणसं

ही पायरी मी शेवटी लिहिली आहे, पण घरात बसून कागद वाचण्याच्या काळातच ती चालू ठेवा, कारण म्हातारी माणसं थांबत नाहीत. जुना वाणी, पिठाची गिरणी, गणपती मंडळाच्या वर्गणीच्या जुन्या वह्या, घराण्याच्या गुरुजींच्या याद्या. आडनाव आणि मूळ गाव कळलं तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत त्या घराण्याची वंशावळ मिळू शकते. जुन्या वर्तमानपत्रांतल्या 'जाहीर नोटीस' आणि निधनवार्ता बघायच्या तर पुणे नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या वाचनालयांत चौकशी करा.

आजींना 'तुमच्या वेळी कोण राहायचं?' असं विचारू नका, त्यांना एकदम काही आठवत नाही. उताऱ्यातली नावं एकेक वाचून दाखवा. आमच्या आजी तिसऱ्या नावाला म्हणाल्या, "अगंबाई, तिची काकडीची कोशिंबीर!" आणि मग तासभर बोलत होत्या. घंगाळावरचं नाव मी त्यांना सांगायच्या आधीच त्यांनी घेतलं.

११. सापडलेल्या कुटुंबाला लिहिताना

फोनने सुरुवात करू नका, दार तर मुळीच वाजवू नका. जुन्या घराचा विषय निघाला की लोकांच्या मनात पहिला विचार हक्काचा येतो: वाटणी, भाडेकरी, कोर्ट. हाताने पत्र लिहा. पहिल्याच ओळीत लिहा की या पत्राचा घराच्या हक्काशी, भाड्याशी वा पैशाशी काही संबंध नाही. मग तुम्ही कोण, कागद कुठे सापडला, काय जाणून घ्यायचं आहे, इतकंच. तुमचा फोन नंबर द्या आणि उत्तराची वाट पाहा. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहू नका. काहींना ती जागा आठवायची नसते, आणि तो त्यांचा अधिकार आहे.

मिळालेली नावं, पत्ते, वयं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका. जिवंत माणसांची माहिती आपल्या वहीपुरतीच ठेवावी. आणि शोधात कुणाची फारकत, कर्जबाजारीपणा, भाऊबंदकी हाती लागली तर समोरच्याने विषय काढल्याशिवाय तुम्ही काढू नका.

माझ्या पत्राला तीन आठवड्यांनी फोन आला. यादीत सापडलेल्या गृहस्थांच्या मुलाने केला होता. "आजी कायम म्हणायची, घंगाळ पुरात गेलं," तो म्हणाला. पाणी चढायला लागलं तेव्हा खालच्या बिऱ्हाडांचं सामान वरच्या मालकांनी जमेल तसं ओढून घेतलं होतं. घंगाळ माळ्यावर गेलं, आणि नंतरच्या धावपळीत दोन्ही घरं ते विसरून गेली असावीत.

पुढच्या रविवारी तो वडिलांना घेऊन आला. पूर आला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. आमच्या स्वयंपाकघरात उभे राहून त्यांनी हाताने दाखवलं की फ्रीज आहे तिथे चूल होती, मोरी त्या कोपऱ्यात, आणि ज्या भिंतीला आम्ही कपाट लावलं आहे तिथे खिडकी होती, तिच्यातून अंगणातला पेरू हाताला यायचा. खिडकी कधी बुजवली ते आम्हाला ठाऊक नव्हतं. जाताना घंगाळ त्यांनी स्वतः उचललं, मुलाच्या हाती दिलं नाही. त्यांनी सांगितलेलं सगळं मी त्याच संध्याकाळी खोल्यांचा नकाशा काढून, तारीख घालून वहीत लिहून ठेवलं.